रसायनशास्त्रात पीएचडी झाली, आता कॉलेजची वाट सोडावी का?

मुक्ता_को

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी, सेटही (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली आहे. प्रबंध औषधी रेणूंच्या पॉलिमॉर्फवर, म्हणजे एकाच रेणूच्या वेगवेगळ्या स्फटिकरूपांवर होता. पीएचडीला लागले तेव्हा विद्यापीठात जायचं तर ती हवीच, असं सगळे सांगायचे. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट ही किमान अट झाली आणि पीएचडी ऐच्छिक. मानधनाचं बिल सत्र संपल्यावर निघतं, उन्हाळ्यात हातात काहीच नसतं. बाबा म्हणतात, "एवढं शिकलीस, अजून थोडी कळ काढ, परमनंट होशील." वय 33, मुलगी लहान. पोस्टडॉकसाठी बाहेर जाणं आता जमणार नाही. शिकवायला मनापासून आवडतं, तरीही विचारतेय. पीएचडीनंतर कुणी वेगळी वाट धरली असेल, तर नेमकं काय केलंत आणि सुरुवात कशी झाली, ते लिहा. "डेटा सायन्स शिका" हे ऐकून झालंय.

दौंडकर

ताई, मी कुरकुंभ एमआयडीसीत आहे, एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी). पीएचडी सांगितली की प्लँटवर "तुम्ही टिकणार नाही" म्हणतात, एमएस्सी फ्रेशरला प्राधान्य देतात. आर अँड डीत मात्र पॉलिमॉर्फवाल्यांना मागणी आहे, तिकडेच अर्ज करा. पण बहुतेक जागा हैदराबाद, अहमदाबाद, नवी मुंबई. घर हलवायची तयारी ठेवा.

सुमेधा (पेटंट)

मुक्ता, तुमचा विषय वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मीही सेंद्रिय रसायनातलीच. पीएचडीनंतर पुण्यात एका पेटंट फर्ममध्ये लागले, आज नोंदणीकृत पेटंट एजंट आहे, म्हणजे लोकांच्या वतीने पेटंटचे अर्ज लिहिते आणि चालवते. तुम्ही ज्यावर प्रबंध लिहिलात, त्यावर आमच्याकडे रोज वाद चालतात.

ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचा खटला आठवतोय का? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 1 एप्रिल 2013. वाद होता त्यातल्या इमॅटिनिब मेसिलेट या रसायनाच्या बीटा स्फटिकरूपावर. हे रूप जास्त स्थिर आहे, हवेतली ओल कमी शोषतं, पावडर चांगली वाहते, असं कंपनीचं म्हणणं. पेटंट कायद्याच्या कलम 3(डी) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट हवं, तर त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढलेली दाखवावी लागते. औषधाच्या बाबतीत ती रोग बरा करण्यातली परिणामकारकता, असा अर्थ न्यायालयाने लावला. पावडर चांगली वाहण्याने ती सिद्ध होत नाही, म्हणून पेटंट नाकारलं. त्या निकालातली स्फटिकांची चर्चा तुम्ही एका संध्याकाळी वाचून काढाल. वकिलाला तीच समजून घ्यायला आमच्यासारखं कुणीतरी शेजारी बसवावं लागतं. फर्म पीएचडीवाल्यांना घेतात ते याचसाठी.

रोजचं काम असं असतं. अर्जावर पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल येतो, आम्ही त्याला एफईआर म्हणतो. परीक्षकाने जुने दोन-तीन संदर्भ काढून "हे आधीच माहीत होतं" असं लिहिलेलं असतं. उत्तराला सहा महिने. तो जुना पेपर उघडायचा, त्यातला एक्सआरडी आलेख (क्ष-किरणांनी स्फटिकाची ओळख पटवणारा) आणि आपल्या क्लेममधली, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितलाय त्या वाक्यांतली, टू-थीटा मूल्यं (शिखरांचे कोन) शेजारी ठेवायची आणि बघायचं: शिखरं खरंच जुळतात, की परीक्षकाने नुसता सारांश वाचलाय? प्रबंधाच्या वेळी गाइडसमोर एकेका शिखरासाठी भांडला असाल ना, तीच नजर इथे लागते. बाकी क्लेम लिहायची भाषा शिकावी लागते. एक "किंवा" चुकीच्या जागी पडला तर सगळा क्लेम अडचणीत येतो.

फी भरून कुठल्याही डिप्लोमाला लगेच जाऊ नका. वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) डीएल-101 हा सर्वसाधारण अभ्यासक्रम मोफत आहे, आधी तो करा. मग भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तुमच्या विषयातला एक जुना अर्ज शोधा. तिथे एफईआर आणि अर्जदाराचं उत्तर दोन्ही पाहता येतात. फक्त एफईआर उघडा, स्वतः उत्तर लिहा, मगच त्यांचं उत्तर वाचा. हे करताना कंटाळा आला तर ही वाट सोडून द्या. जेवायचं भान राहिलं नाही तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेटंट एजंटची परीक्षा वेगळी. विज्ञानाची पदवी पुरते. पहिला पेपर कायद्यावर, दुसरा मसुदा लिहिण्यावर, मग तोंडी. दोन्ही पेपरांत निदान निम्मे गुण आणि एकूण 60 टक्के लागतात. ती ठरलेल्या महिन्यात दरवर्षी होत नाही, तेव्हा तिच्यासाठी थांबून राहू नका. फर्ममध्ये नोंदणीकृत एजंटच्या हाताखाली काम आधी सुरू करता येतं. सरकारी बाजूला पेटंट परीक्षकाची नोकरी आहे, 2023 मध्ये 553 जागांची भरती निघाली होती. त्यात वयाची अट 35 होती, म्हणून जाहिरातींवर आत्तापासून लक्ष ठेवा.

पगाराचंही सांगते. माझा पहिला पगार तेव्हाच्या फेलोशिपहून फार जास्त नव्हता. वाढला तो परीक्षा पास झाल्यावर. पण दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येत होता, आणि त्यानेच घरातली बोलणी बदलली.

मुक्ता_को

सुमेधाताई, मनापासून आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर एक अर्ज उघडला, को-क्रिस्टलचाच (एकाच स्फटिकात दोन वेगळे रेणू). परीक्षकाने जो पेपर लावलाय तो मी प्रबंधात उद्धृत केलेला आहे! त्यात हायड्रेट (स्फटिकात पाणी असलेलं रूप) आहे, अर्जदाराचं रूप निर्जल आहे, हे टीजीएवरून (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) सरळ दिसतं. दोन प्रश्न. कोल्हापुरात राहून हे जमेल का? आणि गाइडना कसं सांगू? त्यांनी माझ्यासाठी खूप केलंय.

सुमेधा (पेटंट)

हायड्रेटचा मुद्दा अगदी बरोबर पकडलात. पण तेवढ्यावर थांबू नका. "निर्जल रूप करून बघणं कुणालाही सुचलं असतं" हा परीक्षकाचा पुढचा आक्षेप असेल, आणि मग 3(डी) आहेच. त्याचंही उत्तर लिहा.

सुरुवातीचं एखादं वर्ष ऑफिसात बसून शिकलेलं बरं. मसुद्यावर लाल शाईने खुणा करणारा माणूस शेजारी असावा लागतो. नंतर घरून काम करणारे पुष्कळ आहेत, आमच्याकडे एकजण साताऱ्याहून करतो. पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर मुलीचं बघून ठरवा.

गाइडना स्वतः भेटून सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. माझ्या सरांना वाईट वाटलं होतं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं. आता त्यांच्या लॅबमधलं नवीन काही पेटंटजोगं वाटलं की ते मला फोन करतात. चालू सत्राच्या तासिका मात्र पूर्ण करा. मुलांची प्रॅक्टिकलं अर्धवट सोडून निघू नका.

उत्तर लिहून झालं की व्यनिवर पाठवा. रविवारी बसून वाचते.