मोत्याला खाज सुटली आहे (सोसायटी ग्रुप, कुडाळ)

ए-१०३: गेटवरच्या मोत्याकडे कुणी बघितलंत का? कानांच्या कडा आणि कोपरं उघडी पडलीत. रात्रभर पत्र्याच्या शेडखाली खाजवत असतो.

सी-३०१: आमच्या गावाक जळका ऑइल लावतत. आठ दिवसात कुत्रो साफ बरो.

बी-२०२ (डॉक्टरकाका): अहो, जळकं ऑइल नको. कुत्रं अंग चाटतं, सगळं पोटात जातं. आणि तेलाने माखलेल्या कातडीवर मला काही दिसणार नाही.

सी-३०१: मगे बैलाचा आयव्हरमेक्टिन टोचूया?

बी-२०२: बैलाचं औषध अंदाजाने कुत्र्याला? थेंबाचा हिशेब चुकला तर झटके येतात. कोलीसारख्या काही जातींना तर फारच बाधतं. मोत्याच्या सात पिढ्यांत कोली नसेल म्हणा.
आधी सांगा, खाज आधी सुटली की केस आधी गेले?

ए-१०३: खाज, काका. गणपतीपासून.

बी-२०२: म्हणजे परजीवी किंवा ॲलर्जी. खाज नसताना केस गेले असते तर डेमोडेक्स (केसांच्या मुळाशी राहणारे बारीक किडे), बुरशी, हार्मोन असं शोधलं असतं. आता जागा बघा. पिसवांची ॲलर्जी बहुतेक शेपटीच्या मुळाशी दिसते. कानाची कड, कोपर, घोटे म्हटलं की मला खरजेचा संशय. कानाची कड बोटांनी चोळली की मागचा पाय आपोआप हलायला लागतो, तेही बघेन. मग ब्लेडने कातडी खरवडून स्लाइडवर, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. खरजेचे किडे कमी असतात, म्हणून चार-पाच ठिकाणी, मोठ्या भागातून खरवडावं लागतं. तरी कितीदा सापडत नाहीत! डेमोडेक्ससाठी कातडी चिमटून अगदी रक्ताचा ओलावा येईपर्यंत.
आणि एक. मोत्याला हात लावणाऱ्यांपैकी कुणाला खाज आहे का?

(बराच वेळ कुणी काही लिहीत नाही.)

डी-४०४: काका… नातवाच्या हातांवर नि पोटावर पुरळ आहे. आम्ही घामोळं समजत होतो. तो रोज मोत्याला उचलतो.

बी-२०२: त्याला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि कुत्र्याचं आवर्जून सांगा. कुत्र्याची खरूज माणसावर फार टिकत नाही, पण मोत्या बरा होईपर्यंत पुन्हा पुन्हा लागत राहील.

सी-३०१: माझ्या पोटऱ्येक पण खाज आसा. आधी सांगूक लाज वाटली.

बी-२०२: उद्या सकाळी आठला गेटवर येतो. आंघोळ घालू नका, काही लावू नका. धरायला दोघं लागतील, हातमोजे घालून. ३०१, तुम्ही याच.

सी-३०१: येतंय. ऑइलचो डबो ठेवून येतंय.