गुडघेदुखी: तुमचे, तुमच्या आईबाबांचे अनुभव लिहा

अबोली
काल नवरात्राची आवराआवर करताना माळ्यावरून आईची काठी निघाली. खालचं रबराचं बूच एका बाजूने पार झिजलेलं. ती हातात घेऊन तिथेच बसले थोडा वेळ.

आई डोंबिवलीला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साठीनंतर तिचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकायला लागले, चालताना डावीउजवीकडे झुलायची. दुखतंय ना मग आराम, एवढंच आम्हाला कळायचं. मीच म्हणायचे, आई तू उतरू नकोस, भाजी मी आणते. आधी भाजी बंद झाली, मग देऊळ, मग समोरच्या काकूंकडे जाणं. शेवटची चार वर्षं ती खाली उतरली ती फक्त डॉक्टरकडे जायला, तेही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून. मांड्या अगदी वाळून गेल्या होत्या तिच्या.

आता मी ५७. जूनमध्ये एक्सरे काढला, गुडघ्याची झीज निघाली, ग्रेड २, म्हणजे अजून सौम्य. डॉक्टरीणबाईंनी फिजिओकडे पाठवलं आणि तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की गुडघा सांभाळतो मांडीचा पुढचा स्नायू, वापरला नाही की तो वाळतो, मग सगळा भार सांध्यावर, मग जास्त दुखतं, म्हणून माणूस अजून कमी हलतो. मला तिथेच रडू आलं. आईचं आम्ही हेच केलं. मायेने केलं, पण हेच केलं.

माझं सध्या असं चाललंय: पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा आकडे मोजून खाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. खुर्चीतून हात न टेकता उठायचं बसायचं. दोन्ही वेळा. पहिले पंधरा दिवस काहीही फरक नाही, सोडणारच होते. दीड महिन्याने एकदा जिना उतरून खाली आले आणि मग लक्षात आलं की कठडा धरलाच नव्हता.

तुम्ही काय करता, घरच्यांचं काय झालं, लिहा प्लीज.

गवतीचहा
अगं काठीचं वाचून पोटात तुटलं. स्वतःला दोष नको देऊस, तेव्हा सगळे आरामच सांगायचे. आमच्याकडे सासूबाई आहेत, रात्री सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

सासवडकर
काठीवरून आठवलं म्हणून लिहितो. आमचे अण्णा दरवर्षी वारीला दिवेघाट चालायचे, नंतर उजवा गुडघा गेला. काठी पण उजव्याच हातात धरायचे, वाटणारच ना की दुखतंय तिकडे आधार पाहिजे. ती उलट्या हातात धरायची असते, उजवा दुखतो तर डाव्या हातात. हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं, एका डॉक्टरांनी दारातून आत येतानाच बघून सांगितलं. दुसरं म्हणजे जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. अण्णा ते मोठ्याने म्हणत चढायचे, नातवंडांना पण पाठ झालेलं. घाट नाही जमला परत, पण पालखी सासवडला मुक्कामाला आली की तळापर्यंत स्वतः चालत जायचे दर्शनाला.

रानजाई
उलट्या हातात?? आत्ता आईला फोन करते.

निशिगंध
माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात, २०१८ ला डावी आणि दहा महिन्यांनी उजवी. कोणी विचारायच्या आधीच सांगते, भूल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात, ते वाटतं तेवढं भयंकर नाही, भयंकर असतं ते पुढचे दीड महिने गुडघा वाकवणं. नव्वद अंशापर्यंत आणायला मी रोज ओरडायचे, नवरा बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचा, त्याला ऐकवायचं नाही. पण ते केलं नाही तर गुडघा आखडतो आणि ऑपरेशनचा पैसा पाण्यात, हे आधीच मनाशी पक्कं करून जा. जखमेच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिर जागा राहते, चालताना कधी टक् असा आवाज येतो, त्याला घाबरू नका. मांडी घालून बसणं मात्र सोडलं, सत्यनारायणाला मी आणि हे स्टुलावर बसतो आणि चौरंग उंच घेतो, गुरुजींनी काही हरकत घेतली नाही.

पैशाचं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्यात बसवायच्या या कृत्रिम सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट क्रोमियम धातूचा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, त्याआधी तोच दीड लाखाच्या वर विकला जायचा. माझ्या जावेचं २०१६ ला झालं, तिचं बिल आणि माझं बिल शेजारी ठेवून बघितलंय मी. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा, सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर फाईलला लावून घ्या.

वाटाड्या
आमचे काका ऑपरेशनला अजिबात तयार नव्हते, पाय कापतात म्हणायचे. मग वाजपेयींचं झालं, पंतप्रधान असताना, ऑक्टोबर २००० मध्ये डावा गुडघा, ब्रीच कँडीत, अमेरिकेहून डॉ. रानावत आले होते. दुसरा पुढच्या जूनमध्ये. काका रोज पेपरात वाचायचे आज किती पावलं चालले. २००२ ला स्वतःहून म्हणाले, चला. त्यानंतर सोळा वर्षं चालले त्याच गुडघ्यावर, बाजारात जाऊन मासळी स्वतः आणायचे.

मी_अमरावतीची
कळकळीने सांगते, पुड्या घेऊ नका. माझ्या मामीला कोणीतरी काळ्या पुड्या आणून दिल्या, जडीबुटी म्हणून. आठ दिवसात दुखणं गायब, मामी सगळ्यांना सांगत सुटली, अर्ध्या गल्लीने मागवल्या. चार महिन्यांनी तोंड गोल सुजलं, शुगर तीनशेवर, जरा लागलं की कातडी निळी पडायची. डॉक्टरांनी पुडी बघून सांगितलं यात स्टेरॉईड असणार. आणि एकदम बंदही करता येईना, हळूहळू कमी करत आणावं लागलं त्यांच्या देखरेखीखाली. दोन दिवसात आराम पडला की समजा काहीतरी गडबड आहे. मामी आता बऱ्या आहेत पण हाडं ठिसूळ झाली ती झालीच.

गवतीचहा
बाप रे. सांभाळा गं मामींना.

दवबिंदू
मी फिजिओ आहे, नाशिकला. दोन पेशंटच्या मधे लिहितेय. अबोली, तुमचे व्यायाम अगदी बरोबर आहेत, सोडू नका. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत गेलं तर चालतं, सूज आली तर आकडे कमी करा, बंद नका करू. सूज आणि गरम लागत असेल तर बर्फ, नुसतं आखडलं असेल तर शेक. सकाळी उठल्यावर आखडलेलं अर्ध्या तासात मोकळं झालं तर ही झीज असते. तासभर तसंच राहत असेल, सोबत बोटांचे सांधे सुजत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याचं औषध पूर्ण वेगळं, रक्त तपासून घ्या. लोक दोन्हीला संधिवात म्हणतात आणि वर्षं वाया जातात.
वजनाचं बोलले की बायका दुखावतात, मला कळतं ते, पण एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार उतरतो. पाच किलोचा हिशोब करून बघा, आणि दिवसाची पावलं. पंधरा किलो उतरवायला कोणीच सांगत नाहीये. आणि पेनकिलर रोज मनाने घेऊ नका, बीपी आणि किडनीवर जातं, आधी लावायचं जेल डॉक्टरांना विचारा.

अबोली
दवबिंदू, खूप खूप आभार. चार किलोचं माहीत नव्हतं.

पोफळी
आमच्याकडे कुडाळला गौरीला फुगडी असते. या वर्षी मी पहिल्यांदा भिंतीला टेकून बसले आणि टाळ्या वाजवल्या. ४९ वय आहे माझं. पाळी गेल्यापासून दोन वर्षांत हे सुरू झालं. जावेच्या मुलीने येऊन हात धरला, काकू चल, आपण बसूनच घुमू, आणि बसून घुमली माझ्यासोबत. लिहिताना डोळे भरले.

रानजाई
पोफळी 🫂 गुणी आहे पोर.

सासवडकर
पुढच्या गौरीला उभ्याने खेळाल ताई. व्यायाम सुरू करा.

निवांत
घरात बदल काय केले ते पण लिहा ना कोणीतरी. आम्ही बाबांच्या पलंगाखाली लाकडी ठोकळे लावून तो चार इंच उंच केला, भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवली, बाजूला भिंतीत दांडा बसवला. आईची विळी गेली, ओट्यावर सुरी आली. पहिले आठ दिवस ती म्हणाली कांदा तसा बारीक होत नाही. आता होतो.
डिंकाचे लाडू कोणी करतं का, बाबा रोज मागतात, त्याने गुडघ्याला फायदा होतो का?

पोफळी
मी करते, डिंक तुपात मंद आचेवर फुलवायचा, आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक पूड आणि खसखस घाला. गूळ पाकाचा नको, नुसता विरघळवून.

दवबिंदू
लाडवाने झीज भरून नाही येत, पण बाबांना आवडतात तर द्या की. तूपगुळामुळे रोज एकच. शुगर असेल तर नको.

निवांत
शुगर नाही. एकच देतो. खसखस किती?

पोफळी
पाव किलो डिंकाला अर्धी वाटी. भाजून.

गवतीचहा
आले एकदाची. सासूबाई ७४ वर्षांच्या. एका ठिकाणी दाखवलं तर दहा मिनिटांत सांगितलं दोन्ही गुडघे लगेच बदला, तारीखच देत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट चालवून बघितलं, म्हणाले रात्री झोप लागते का, देवळापर्यंत जाता का, दोन्हीला हो म्हणताय तर आत्ता नको, तीन महिने व्यायाम करून या. त्यांना आकडे मोजून कंटाळा यायचा, मग त्यांनीच शोधलं, पाय वर धरायचा आणि दहा वेळा रामनाम घ्यायचं. आता जप म्हणूनच चुकत नाही, मला दटावतात मधे बोलू नकोस. दीड वर्ष झालं, तुळशीला पाच प्रदक्षिणा आहेतच.
अबोली, एक सांगू? ती काठी टाकू नकोस. बूच सर्जिकलच्या दुकानात मिळतं, नवीन लावून घे. झिजलेल्या बुचाने पाय घसरतो.

अबोली
आजच गेले होते. दुकानदाराने माप विचारलं, मी काठीच घेऊन गेले होते. त्याने जुनं बूच काढलं तर ते मी मागून घेतलं, आईच्या डब्यात ठेवलंय.