सल्ला हवा: आजीचं छोटं चावीचं घड्याळ, मशीन दुरुस्त करावं की बदलावं? (सांगली)

कृष्णाकाठची: नमस्कार मंडळी. आजीचं लेडीज रिस्टवॉच माझ्याकडे आलंय. चावीचं आहे, अख्खं मशीन दीड सेंटिमीटरभर असेल. डायलवर '१७ ज्वेल्स' आणि 'स्विस मेड'. चावी दिली की चालतं, पण दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं आणि रात्री काढून ठेवलं की पहाटे बंद. बाजारात एकाने न उघडताच सांगितलं, "मशीन काढून टाका, सेलचं बसवून देतो." मला ते नकोय. आजी शाळेत शिकवायची तेव्हा हेच रोज हातात असायचं. सांगली-मिरजेत नीट करून मिळेल का? आणि किती अचूक चालेल अशी अपेक्षा ठेवू?

मिरजकर७: ताई, सेलचं अजिबात बसवू देऊ नका. ते बसवायला डायलच्या मागचे दोन बारीक पाय छाटतात. मग मूळ मशीनवर ती डायल पुन्हा धड बसत नाही.

हरभट रोड: २०१९ च्या महापुरात भिजलं होतं का? तसं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी चावीच्या दांड्यातून आत जातं आणि पहिला गंज तिथल्याच पोलादी भागांना धरतो.

कृष्णाकाठची: नाही. पाणी चढायच्या आधीच आम्ही आजीला घेऊन मामाकडे गेलो होतो, घड्याळ तिच्या हातातच होतं.

भिंगवाला काका: मग काळजी नको, मशीन वाचेल. पूर्ण चावी देऊन चोवीस तासही चालत नाही म्हणजे एकतर तेल वाळून चिकट झालंय किंवा मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, मेली आहे. जुन्या पोलादी स्प्रिंगा वर्षानुवर्षं ड्रममध्ये गुंडाळून राहिल्या की तशाच वळतात, जोर राहत नाही. अशी मशीन धडधाकट असतील तर एका चावीत साधारण ३५ ते ४० तास जातात.

आता अचूकपणाचं. त्या काळची बहुतेक मशीन तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. दिवसात एक मिनिट मागे पडलं तर त्यातले फक्त ३०० कमी पडले. लेडीज मशीन दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे झालं तर मी ते चांगलं म्हणतो. जेन्ट्स घड्याळाची फूटपट्टी त्याला लावू नये. बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक. त्याचा व्यास निम्मा केला तर वजन तेवढंच ठेवलं तरी जडत्व चौथाई होतं, आणि इथे तर वजनही घटलेलं असतं. घर्षण मात्र त्या मानाने कमी होत नाही. त्यामुळे धुळीचा कण, तेलाचा जास्तीचा थेंब, हाताची दिशा, सगळं त्याला जाणवतं. बॅलन्सच्या दांड्याचं टोक केसाइतकं बारीक असतं. शॉकप्रूफ नसेल तर फरशीवर एकदा पडलं की ते मोडलंच.

इतकं लहान मशीन चालतं हेच मोठं कसब आहे. १९२९ साली स्वित्झर्लंडच्या जेगर-लकूल्त्र कंपनीने १०१ नंबरचं मशीन काढलं, १४ मिमी लांब आणि ४.८ मिमी रुंद. जागा पुरावी म्हणून भाग दोन मजल्यांत रचले. तुमचं त्यामानाने ऐसपैस आहे, कारागिराला काम करता येईल.

कारागीर निवडताना विचारा: सगळे भाग सुटे करून धुणार का? टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, आहे का? मेनस्प्रिंग बदलली तर जुनी परत देणार का? न खोलता मागच्या झाकणाआडचा काटा फास्टकडे सरकवून वेळ जुळवून देणारा असेल तर घड्याळ उचलून घरी या. गणपती पेठ, हरभट रोड भागात जुन्या दुकानांत चौकशी करा, तिथे चावीच्या घड्याळांवर हात बसलेले लोक भेटतील.

मिरजकर७: काका, पार्ट मिळतात का अजून?

भिंगवाला काका: डायलवरच्या नावाने शोधलं तर मिळणार नाहीत. कित्येक कंपन्या मशीन बाहेरून घेत. बॅलन्सच्या खाली मेनप्लेटवर, म्हणजे सगळे भाग बसतात त्या मुख्य पत्र्यावर, ठसा बघा, बहुधा तिथेच बनवणाऱ्याची खूण आणि नंबर असतो. पार्ट त्या नंबरावर मिळतो.

कृष्णाकाठची: काका, काम झालं! हरभट रोडच्या आतल्या बोळात एक आजोबा भेटले. त्यांनी माझ्यासमोर बॅलन्स उचलून भिंगातून ठसा दाखवला: 'एएस'. तेल डिंकासारखं वाळलं होतं. सगळं धुऊन नवी मेनस्प्रिंग टाकली, जुनी पुडीत बांधून दिली. टाइमग्राफरवर डायल वर असताना अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्स किती अंश झुलतो ते) आधी १६० अंश होता, आता २४० आहे. पण चावी खाली करून उभं धरलं की २०५ वर येतो. हे बिघडलंय का?

भिंगवाला काका: छान झालं. एएस म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशनची ए. शिल्ड, १८९६ साली सुरू झालेली मशीन बनवणारी जुनी कंपनी, त्यामुळे पार्टची चिंता मिटली. उभ्यात अ‍ॅम्प्लिट्यूड उतरणारच, तेव्हा बॅलन्सच्या दांड्याची टोकं ज्या खड्यांच्या (ज्वेल्सच्या) भोकात फिरतात त्यांच्या भिंतीला घासतात. तुमच्या मशीनच्या आकाराला २०५ उत्तम. सकाळी ठरल्या वेळी पूर्ण चावी द्या. रात्री एक आठवडा डायल वर ठेवून बघा, एक आठवडा चावी वर करून उभं ठेवा. ज्यात दिवसभराची तूट भरून निघते तीच त्याची जागा. कणीक मळताना मात्र काढून ठेवा.

कृष्णाकाठची: आजपासून डायल वर. पुढच्या रविवारी आकडे टाकते.