ऑफिसच्या गच्चीवर बसायची-काम करायची जागा करायची आहे (बडोदा), मदत हवी

नमस्कार मंडळी,

अलकापुरीजवळ आमच्या ऑफिसची चार मजली इमारत आहे, मालकीची. वर चायना मोझेक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केलेली गच्ची. एका कोपऱ्यात टाक्या, दक्षिणेला सोलर, बाकी मोकळी. साहेबांनी कुठल्याशा ऑफिसचे फोटो पाहिले आणि फर्मान निघालं: वर लॉन, कॉफीचा कोपरा, लॅपटॉप घेऊन बसायला टेबलं, आणि सगळं उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आत! ॲडमिन माझ्याकडे, म्हणून हे माझ्याच गळ्यात.

इंटिरियरवाल्याची थ्रीडी चित्रं झकास आहेत. फूटभर मातीवर हिरवळ, आणि मे महिन्यातही कुणाला घाम नाही. वजनाचं विचारलं तर म्हणतो, "होऊन जाईल." आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वापरातल्या गच्चीला चौरस मीटरला १५० किलो लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन) धरतात, माणसं जमायच्या मोकळ्या जागेला ५०० किलो. इथे फूटभर ओली मातीच साडेपाचशेच्या घरात जाते. त्यावर १४ जानेवारीला अख्खा स्टाफ फिरक्या घेऊन चढणार.

इमारतीची स्ट्रक्चरल ड्रॉइंग सापडत नाहीत. अशा वेळी तपासणी कशी करतात? आणि सावलीसाठी खांब उभे करायचे तर मोझेकला भोकं न पाडता काही जमतं का? एकदा वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या अकाउंट्सवाल्यांच्या डोक्यावर पावसाळाभर ठिबकणार.

प्रतिसाद १
रिबार स्कॅन करून स्लॅबमधल्या सळया शोधतात, गरज पडली तर कोअर (काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा) काढून काँक्रीट तपासतात. स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या, तोंडी नको. मातीचा नाद सोडा. कुंड्या बीमच्या रेषेत ठेवा. गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या आहेत का? असतील तर पुढचा मजला धरून डिझाइन केलं असण्याची शक्यता आहे, हे इंजिनियरला आवर्जून सांगा. खांबही तिथूनच उचलता येतील, स्लॅबला हात लावायला नको. पक्की शेड मात्र महापालिकेला विचारल्याशिवाय नको.

प्रतिसाद २
आमच्याकडेही वर टेबलं टाकली होती. उघड्यावर स्क्रीनच दिसत नाही, पाचपर्यंत कुणी फिरकत नाही. डबा खायला आणि चहाला मात्र झुंबड. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्याला वरची सावली चालते. चारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे उभी जाळीच हवी. कापडी छत लावलंत तर वळवाच्या वाऱ्याआधी उतरवता येईल असं करा. कठडा किमान मीटरभर आहे ना? पतंगाकडे बघत मागे सरकणाऱ्याला कठडा दिसत नाही. आणि जिन्याच्या दाराला कुलूप अजिबात नको.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. सळया आहेत, गंजलेल्या. त्यांना कपडे वाळवायची दोरी बांधलीय वॉचमननं. कठडा मोजला, ८५ सेंमी भरला. आता तो विटांनी वाढवावा की वर पाइपचं रेलिंग बसवावं? विटांनी वारा अडेल अशी शंका आहे.