मदत हवी आहे: गाभण उंदरांच्या लेंड्यांतून कॉर्टिकोस्टेरॉन मोजताना तुलना कशाशी करावी?

पणजीत एमएस्सीचा प्रकल्प करतेय. विस्टार या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जातीच्या माद्यांमध्ये 21 ते 23 दिवसांच्या गर्भकाळात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कसं बदलतं, ते पाहायचं आहे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी मिळाली आहे.

रक्त घ्यायला मादीला नुसतं धरलं तरी काही मिनिटांत पातळी चढते. शिवाय शेवटच्या आठवड्यात त्यांना असा त्रास देणं मला पटत नाही. म्हणून लेंड्या निवडल्या. नमुने रोज एकाच वेळी घेते, कारण अंधार पडायच्या सुमारास पातळी मुळातच वर असते. मोजायला एलायझा किट (प्रतिपिंडांवर आधारित चाचणी) आहे, त्याहून नेमकं मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर नाही.

एक अडचण पावसाची. या दमट हवेत लेंड्या वरून कोरड्या दिसतात, मोडल्या की आत ओल्या, त्यामुळे कोरड्या वजनाचा हिशेब चुकतो. लगेच गोठवून नंतर ओव्हनमध्ये वाळवलेल्या चालतील का?

मुख्य प्रश्न असा: गर्भारपणात रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिनही बदलतं आणि संप्रेरकाचं विघटनही. मग गाभण नसलेल्या माद्यांशी थेट तुलना ग्राह्य धरतात, की प्रत्येक मादीची गाभण होण्याआधीची पातळीच आधार मानावी?