टाकीत माशांना लपायला घरच्या घरी काय करता येईल?

डिचोलीकर: नमस्कार, दोन फुटी टाकीत गप्पी आहेत आणि आता चार कोरी (कोरीडोरस, तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे) आणलेत, ते बिचारे दिवसभर फिल्टरच्या मागे दडून असतात, बघवत नाही. प्लास्टिकचे किल्ले नकोत. मिरामार किनाऱ्यावरचे शिंपले आणि घरामागचा चिरा (जांभा दगड) टाकला तर चालेल?

मत्स्यवेडा: शिंपले नको रे. त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, हळूहळू विरघळून पाणी जड होतं, पीएच चढतो, गप्पी खपवून घेतील पण कोरीला मऊ पाणी बरं. चिरा खरखरीत, तळ हुंगताना कोरीच्या मिशा घासतात. कुठलाही दगड टाकायच्या आधी त्यावर व्हिनेगर टाक, फेस आला तर तो बाजूलाच ठेव.

फोंड्याची ताई: करवंटी घे ना, आपल्याकडे काय कमी आहे! खोबरं अगदी खरवडून काढ, काठाला हॅक्सॉने दोन बोटं मावतील एवढी खाच पाड, पॉलिश पेपरने धार मोड आणि अर्धा तास उकळ. पाणी चहासारखं लाल होतं, ते ओतून परत उकळ, मग चारपाच दिवस बादलीत. माझ्या पहिल्या करवंटीला खोबऱ्याची पापडी राहिली होती, तर तिसऱ्याच दिवशी पांढरी बुरशी, म्हणून सांगते.

मत्स्यवेडा: +१, आणि देशी बदामाची गळलेली सुकी पानं पण धुवून टाक, त्याखाली कोरी मस्त शिरतात. समुद्रावरचं लाकूड मात्र नको, मीठ मुरलेलं असतं.

डिचोलीकर: आज सोलकढीला नारळ फोडलाच आहे, करवंटी ठेवली बाजूला 🙏