४०० मीटर वैयक्तिक मेडले: बटरफ्लायमध्ये किती जोर लावावा?

प्रश्न: ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत (एकाच जलतरणपटूने बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल या क्रमाने प्रत्येकी १०० मीटर पोहण्याची शर्यत) माझी मुलगी बटरफ्लायचे पहिले १०० मीटर जवळजवळ स्वतंत्र शर्यतीच्या वेगाने पोहते, परिणामी ब्रेस्टस्ट्रोकपर्यंत तिचे पाय जड होतात आणि फ्रीस्टाइलमध्ये मागच्या मुली पुढे निघून जातात. शक्तीची विभागणी कशी करावी?

प्रतिसाद १: बटरफ्लाय तिच्या १०० मीटरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तीन-चार सेकंद सावकाश होऊ द्यावे. पहिल्या लांबीत ते कमालीचे सोपे वाटते आणि नेमका तिथेच घात होतो. बॅकस्ट्रोकमध्ये लय हातांवर ठेवून पाय थोडे राखावेत, कारण पुढच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बराचसा जोर पायांचाच असतो. हा चारांतला सर्वांत संथ प्रकार असल्यामुळे जलतरणपटूंमधील अंतर इथेच सर्वाधिक वाढते.

प्रतिसाद २: सहमत. फ्रान्सचा जलतरणपटू लेऑन मार्शां याने २०२३ मध्ये जपानमधील फुकुओका येथे याच शर्यतीत ४:०२.५० अशी वेळ नोंदवून अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सचा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील ४:०३.८४ चा विश्वविक्रम मोडला, त्यात ब्रेस्टस्ट्रोक आणि वळणानंतरचे पाण्याखालचे पोहणे ही त्याची मोठी ताकद होती. मात्र वळणानंतर बराच वेळ पाण्याखाली राहण्याची त्याची नक्कल शाळकरी मुलांनी करू नये. दम आधीच संपतो.

प्रतिसाद ३: सरावात ५० मीटर बॅकस्ट्रोक आणि लगेच ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक अशा जोड्या, थोडक्या विश्रांतीने, शर्यतीच्या वेगाने करून घ्याव्यात. २०० मीटर मेडलेला मात्र शक्तीची एवढी काटकसर परवडत नाही.